‘चोरणे’ या क्रियापदाविषयी : बागुलांची एक कथा आणि कामाची जागा

बाबुराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला. त्यातील शीर्षककथेविषयी आजवर जे लिहिले गेले, त्यातील बरेचसे लेखन विद्रोह, वेदना आणि नकार या तीन शब्दांभोवतीच फिरत राहिले आहे. हे शब्द अनाठायी आहेत असे नव्हे. परंतु त्यांच्या सततच्या आवर्तनामुळे कथेतील एक साधी वस्तुस्थिती दृष्टीआड झाली आहे. ही नोकरीची कथा आहे. मुंबईचा एक शिकलेला तरुण रेल्वेतील काम पत्करून गुजरातेत जातो, तेथे त्याला राहण्यासाठी खोली हवी असते, सोबती हवे असतात, आणि या दोन्ही गोष्टींच्या वाटेवर त्याची जात उभी असते. नेमणुकीच्या वाटेवर मात्र ती नसते. हा भेद समीक्षेने जितका ध्यानी घ्यावयास हवा होता तितका घेतला नाही, असे आम्हांस वाटते.

या भेदाचे मोल कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. मुंबईच्या कापडगिरण्यांत अस्पृश्य मानलेल्या कामगारांना रिंगखात्यात काम मिळे. अधिक मिळकतीचे विणाई खाते मात्र त्यांना बंद असे. त्याचे कारण म्हणून जे सांगितले जाई, ते धोट्यासंबंधी होते. धोट्यातील कांडी संपली की नव्या कांडीचे सूत धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. तेव्हा एकाचे तोंड लागलेला धोटा दुसऱ्याने कसा लावावा, असा सवर्ण विणकरांचा आक्षेप होता. १९२८ च्या सार्वत्रिक संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे आग्रहाने मांडला. येथे बंदी घालणारा मालक एकटा नव्हता, सोबतचा कामगारही होता. मामा वरेरकरांनी गिरणीच्या जीवनावरील आपल्या कादंबरीला ‘धावता धोटा’ हे नाव दिले. ते नाव आजही उच्चारले की आम्हांस कामगारजीवनाच्या गतीबरोबर हा अडलेला धोटाही आठवतो. हा आमच्या वाचनाचा दोष समजावा. वरेरकरांवरील आक्षेप नव्हे.

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. तेथील भाषणात डॉ. आंबेडकरांनी ब्राह्मण्य आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू होत असे प्रतिपादन केले. या विधानाचा उल्लेख वारंवार होतो. त्याच भाषणातील रेल्वेविषयीचा तपशील मात्र क्वचितच कोणी सांगतो. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून जन्मभर राबतो. त्याला हमालाची जागासुद्धा मिळत नाही, कारण स्टेशनमास्तर हमालाकडून घरची कामे करून घेतो आणि अस्पृश्य घरात चालत नाही. म्हणजे रेल्वेतील एका जागेचा निर्णय स्टेशनमास्तरच्या स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर होत होता. कचेरी आणि घर यांच्यामध्ये जी भिंत आपण गृहीत धरतो, ती येथे अस्तित्वातच नाही.

बागुलांचा नायक याच रेल्वेच्या जगात येतो. पण तो स्वतंत्र भारतात येतो. अस्पृश्यता नष्ट करणारे संविधानाचे कलम १९५० पासून अमलात आहे, तिच्या आचरणाला शिक्षा सांगणारा कायदा १९५५ मध्ये झाला आहे. कायद्याने कामाचे दार उघडले. पुढचा प्रवास चहाच्या पेल्याचा, खोलीचा आणि गप्पांचा आहे. कथेतील निर्णायक प्रसंग कामाच्या हत्यारांशी निगडित नाहीत; ते खोली, अन्न आणि ओळख यांच्याशी निगडित आहेत. समावेश या शब्दाला काही अर्थ असेल तर तो याच क्षेत्रात शोधावा लागतो, आणि तेथे नेमणूकपत्राचा अंमल चालत नाही.

आता शीर्षकातील क्रियापदाकडे वळू. इंग्रजी अनुवादांनी ‘लपवणे’ या अर्थाचे शब्द योजले आहेत. जेरी पिंटो यांच्या २०१८ च्या अनुवादाचे नावही तसेच आहे. अर्थ बरोबर आहे, पण आरोप निसटला आहे. मराठीत चोरणे हे केवळ परधन नेणे नव्हे. आपण नजर चोरतो, कामचुकार माणूस अंग चोरतो, आणि शिवाशिवीच्या भयाने वाटेच्या कडेने जाणारा माणूसही अंग चोरूनच चालतो. या सर्व छटा त्या एका शब्दात जमल्या आहेत. त्याहून महत्त्वाचे असे की, चोरी म्हटली की वस्तूचा धनी कोणी तरी दुसरा असावा लागतो. नायकाने स्वतःचीच जात सांगितली नाही. मग त्याने चोरले कोणाचे? सोबत्यांचे. त्याची जात जाणून घेण्याचा हक्क ते आपला समजतात, आणि तो हक्क बुडाला म्हणून त्यांचा संताप एखाद्या फसवल्या गेलेल्या सावकारासारखा असतो. बागुलांनी हा आरोप प्रथमपुरुषी शीर्षकात नायकाच्याच तोंडी घातला आहे, यातील उपरोध फार कडू आहे.

कथेत काशीनाथ सपकाळे हे दुसरे पात्र आहे. तो जात लपवीत नाही, संघर्षाच्या पवित्र्यातच वावरतो, आणि अखेरीस मार खाणाऱ्या नायकाच्या मदतीला तोच धावतो. त्याला केवळ ‘बंडखोर’ म्हणून मोकळे होणे आम्हांस मान्य नाही. लपावे किंवा लढावे, हे दोनच मार्ग ती जागा देते. साधेपणाने काम करून संध्याकाळी घरी जाण्याचा तिसरा मार्ग, जो इतर प्रत्येकाला न मागता मिळालेला आहे, तो या दोघांनाच नाही. कथेचे खरे दुःख आमच्या मते या अभावात आहे.

कथेत उणिवा नाहीत असे नाही. नायकाचे बोलणे अनेकदा व्याख्यानाच्या पातळीवर चढते. तो नव्या भारताचा माणूस म्हणून बोलू लागला की माणूस मागे पडतो व घोषणा पुढे येते. मात्र हा दोष लेखकाचा की पात्राचा, याविषयी आमचे मत अलीकडे डळमळले आहे. ज्याला आपल्या घरादाराविषयी एकही खरे वाक्य बोलता येत नाही, त्याला बोलण्यासाठी भव्य आणि सर्वसामान्य विषयच उरतात. रामचरण तिवारी त्याच्याशी आदराने वागतो तो याच भव्य बोलण्यामुळे. वर्गात ही कथा शिकवीत असता एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, रामचरणला काहीच कळले नव्हते, की त्याला कळून घ्यायचे नव्हते?” आम्ही तेव्हा संहितेचा आधार देऊन पहिला पर्याय सांगितला. आज तितक्या खात्रीने सांगणार नाही. ज्या आपुलकीला समोरच्या माणसाचे आडनाव विचारण्याचे धैर्य नसते आणि न विचारता राहण्याचा उदारपणाही नसतो, ती आपुलकी आमच्या ओळखीची आहे. नव्या माणसाला ‘मूळ गाव कोणते’ असे विचारून उत्तरानंतर क्षणभर थांबणे, ही पद्धत विद्यापीठांच्या चहाच्या खोल्यांतही काही अपरिचित नाही.

१९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, आणि विणाई खात्यातील तो धोटा आता पाहावयास मिळणे कठीण. कामगारांच्या आठवणी काही प्रमाणात नोंदल्या गेल्या आहेत; त्यांत संप, पुढारी व मोर्चे विपुल आहेत. पाण्याचे पिंप कोठे होते, डबा कोण कोणाशेजारी बसून खाई, हे मात्र त्यामानाने थोडे आहे. पदव्युत्तर वर्गात बागुलांची ही कथा मनमाडच्या भाषणाशेजारी ठेवून वाचण्याचा प्रयोग आम्ही या सत्रात आरंभिला आहे. त्यासाठी विद्यार्थ्यांना पहिले टिपण लिहावयास सांगितले आहे ते कथेतील खोलीवर.