‘मिस्त्राल’ : हस्ताक्षर आणि खिळा

मार्सेय येथील ओलीव्ह टाइप-फाउंड्रीसाठी रोजे एक्स्कोफों यांनी १९५३ मध्ये सिद्ध केलेला ‘मिस्त्राल’ हा ठसठशीत टाइप हस्ताक्षराचा भास निर्माण करतो. हस्ताक्षर मात्र तो नव्हे. हाताने लिहिलेले एकच अक्षर दोनदा तंतोतंत सारखे उतरत नाही. खिळ्यावरचे बदलत नाही. ही उणीव एक्स्कोफों यांनी रेषेच्या खडबडीत कडांनी व लहान रोमन अक्षरांच्या अखंड सांध्यांनी झाकली आहे. एकदोन शब्दांच्या फलकावर ही योजना वाचकाशी सलगी साधते. परिच्छेदात तीच वळणे पुनःपुन्हा येऊन भास ओसरतो. म्हणून, लेखणी न उचलता लिहिल्या जाणाऱ्या मोडीसाठी असा टाइप योजणाऱ्याने केवळ सांध्यांवर विसंबू नये. प्रत्येक अक्षराची पर्यायी रूपेही सिद्ध करावीत. संगणकीय टाइपात आज ते शक्य आहे.