वीतभर कागदाचा दर

नागपूरच्या दक्षिणेला, वर्धा रोडच्या कडेने पसरलेल्या मिहानमध्ये सगळे काही हेक्टरांत मोजले जाते. महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी २००२ साली स्थापन झाली आणि शिवणगाव, खापरी, दहेगाव, तेल्हारा, कलकुही अशा गावांच्या शिवारांवर चार हजारांहून अधिक हेक्टरांचा प्रकल्प आखला गेला. आज तिथे एम्स आहे, आयआयएमचे आवार आहे, टीसीएस, इन्फोसिस, एचसीएलच्या इमारती आहेत, विमानांच्या देखभालीची अवाढव्य हँगरे आहेत. अशा जागी चित्राचा विषय निघालाच, तर तो भिंतीच्या मापाने निघतो. लॉबी दोन मजले उंच, तेव्हा चित्रही त्याच बेताचे हवे. नऊ इंच बाय बारा इंचांचा कागद, त्यावर थोडी शाई, एखादे कात्रण, दोऱ्याचा तुकडा, असले काम तिथे कुणाच्या मनातही येत नाही.

हा दोष एकट्या मिहानचा नव्हे. छोटे चित्र म्हणजे मोठ्या चित्राची पूर्वतयारी आणि कोलाज म्हणजे शाळेतल्या हस्तकलेच्या तासाचे चिकटकाम, ही समजूत आपल्याकडे गॅलरीवाल्यांपासून समीक्षकांपर्यंत मुरलेली आहे. त्यातून एक विचित्र स्थिती आली आहे. छोट्या आकारात आणि मिश्र माध्यमात काम करणारे चित्रकार आज पूर्वीपेक्षा किती तरी जास्त दिसतात. त्या कामाकडे नीट पाहणारे मात्र वाढलेले नाहीत.

योगायोग असा की भारतीय चित्रांच्या लिलावातल्या दोन गाजलेल्या आकड्यांचा धागा नागपूरलाच येऊन पोचतो. वासुदेव गायतोंडे यांचा १९६१ सालचा एक कॅनव्हास २०२१ मध्ये ३९.९८ कोटी रुपयांना गेला; सय्यद हैदर रझा यांचे ‘जेस्टेशन’ २०२३ मध्ये ५१.७५ कोटींना. गायतोंडे जन्मले नागपुरात, २ नोव्हेंबर १९२४ रोजी. रझांनी मुंबईच्या जे. जे.मध्ये जाण्यापूर्वी १९३९ ते १९४३ ही वर्षे नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये काढली. नागपूरकर या दोन्ही गोष्टी अभिमानाने सांगतात. गायतोंड्यांच्या बाबतीत हक्क जरा पातळ आहे, कारण त्यांचे बालपण गिरगावातल्या चाळीत गेले. पण जन्मगावाला एवढी सूट द्यायला हरकत नाही.

ज्या गायतोंड्यांची किंमत कॅनव्हासच्या मापाने वाढत गेली, त्यांच्या आयुष्यात एक काळ असा आला की मोठा कॅनव्हास त्यांच्या आवाक्याबाहेर गेला. १९८४ मध्ये दिल्लीत त्यांना अपघात झाला, मानेला इजा झाली, आणि उभे राहून रोलर फिरवणे थांबले. त्यानंतरची काही वर्षे त्यांनी कागदावर शाईने काम केले. आधीच्या चित्रांतला रंगांचा थरावर थर तिथे नाही. पांढऱ्या कागदावर काळ्या खुणा, लिपीच्या जवळ जाणाऱ्या पण वाचता न येणाऱ्या. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने २०१४-१५ मध्ये त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन मांडले, तेव्हा हे कागदही कॅनव्हाससोबत लावले होते. आपल्याकडे मात्र ते ‘अपघातानंतरचे काम’ या शेऱ्याखाली जातात. शेरा खोटा नाही, अपुरा आहे. नाइलाजाने घेतलेल्या आकारात त्यांना रंगाचा आधार सोडावा लागला आणि केवळ खूण, तिच्याभोवतीची मोकळी जागा आणि हाताचा वेग एवढ्यावर चित्र उभे करावे लागले. मोठ्या चित्रात एखादी जागा ढिली राहिली तरी बाकीचे चित्र तिला सांभाळून घेते. वीतभर कागदात ती सोय नसते.

त्यांच्या कॅनव्हासमध्येही कागदाचा एक छुपा वाटा आहे. वर्तमानपत्रांचे आणि मासिकांचे फाडलेले तुकडे रंगावर ठेवायचे, दाबायचे आणि उचलून घ्यायचे, अशी त्यांची एक पद्धत होती. कागद निघून जातो, त्याच्या कडेचा ठसा राहतो. कोलाज करणाऱ्याने शिकावे असे यात बरेच आहे: कापलेली कड आणि फाडलेली कड यांत फरक काय, आणि तुकडा चिकटवायचा की त्याची नुसती चाहूल ठेवायची, हा निर्णय केव्हा घ्यायचा. गायतोंड्यांच्याच वर्षी गोव्यातल्या साळगावात जन्मलेल्या फ्रान्सिस न्यूटन सोझांनी याच्या नेमके उलटे केले. त्यांनी छापील मासिकांची गुळगुळीत पाने घेतली, रसायनाने त्यांवरची शाई विरघळवली आणि उरलेल्या छपाईत आपली रेषा घुसवली. मासिकाच्या पानाचा जो आकार, तोच चित्राचा. जाहिरातीतली माणसे अर्धी राहतात, अर्धी सोझांची होतात. सोझांच्या तैलचित्रांवर जेवढे लिहिले गेले त्याच्या मानाने या पानांवर फार थोडे.

नागपुरात राहून छोट्या आकारात सातत्याने काम केलेले नाव म्हणजे भाऊ समर्थ. भंडारा जिल्ह्यातल्या लाखनीचे भाऊ चित्रकार होते, हिंदी-मराठीत लिहिणारे लेखक होते, आणि त्यांची रेखाटने दोन्ही भाषांतल्या नियतकालिकांतून, मुखपृष्ठांवरून लोकांपर्यंत पोचली. त्या रेखाटनांचे प्रदर्शन छापील पानावरच भरे, आणि अंक रद्दीत गेला की तेही उठे. मराठीत छोट्या चित्रांचा खरा आश्रयदाता बराच काळ गॅलरी नव्हती, दिवाळी अंक होता. दीनानाथ दलालांपासून किती तरी जणांनी पानाच्या मापात विचार केला. ‘आवाज’ची खिडकीचित्रे तर कागद कापूनच झाली: वरच्या पानातल्या भोकातून एक दिसते, पान उलटले की भलतेच निघते. त्यातला चावटपणा बाजूला ठेवला, तर कापलेल्या कागदाने अर्थ कसा फिरवता येतो याचा इतका लोकप्रिय धडा मराठीत दुसरा नाही. कलासमीक्षेने त्याची दखल घेतली नाही, कदाचित त्या चावटपणामुळेच.

कोलाजचा अधिकृत इतिहास मात्र पॅरिसपासून सांगतात. १९१२ मध्ये पिकासोने वेताच्या विणीचे छापील ऑइलक्लॉथ एका लंबगोल कॅनव्हासवर चिकटवले आणि भोवती दोराची चौकट घातली. विसाव्या शतकाची कला बदलणारे ते चित्र जेमतेम २९ बाय ३७ सेंटिमीटरचे आहे. जर्मनीत कुर्ट श्विटर्सने ट्रामची तिकिटे, वेष्टने, पावत्या जोडून केलेली किती तरी कामे तळहाताएवढी. भूपेन खख्खर यांनी १९६५ मध्ये मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत पहिले प्रदर्शन केले, ते बाजारात मिळणाऱ्या देवादिकांच्या छापील चित्रांच्या कोलाजांचे. शांतिनिकेतनच्या बिनोदबिहारी मुखर्जींची दृष्टी १९५७ मध्ये गेली, आणि पुढे ते बोटांनी चाचपत रंगीत कागदांची कातरचित्रे करू लागले.

पण डिंक आणि कागद यांचा संसार आपल्याकडे पॅरिसची वाट पाहत थांबलेला नव्हता. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेत कागदावरची चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवतात आणि त्या क्रमाने पोथी होते; एकेक पान उचलून कथा सांगितली जाते. नागपुरातच पाहायचे तर महालातली चितार ओळ आहे, जिथे आज गणपतीच्या मूर्तींची गर्दी असते पण नाव चिताऱ्यांचे आहे. आणि मारबतीच्या मिरवणुकीतले बडगे आहेत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बांबू, कागद, चिंध्या आणि भंगार यांतून वर्षभराच्या रागाचे पुतळे उभे राहतात. महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत कुणालाही सूट नसते, आणि शेवटी ते जाळले जातात. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून निघते असे सांगतात. म्हणजे टाकाऊ वस्तू जोडून चालू काळावर बोलण्याची रीत या शहरात पिकासोच्या आधीची आहे. आकार तेवढा छोटा नाही.

मग आज अडते कुठे?

पहिली अडचण दराची. आपल्याकडे चित्राची किंमत ठरवताना चौरस इंचाचा हिशेब सर्रास चालतो. चित्रकाराचा एक दर ठरतो आणि लांबी-रुंदीने गुणला जातो. तैलरंगाच्या मोठ्या कॅनव्हासला हे गणित फायद्याचे, कोलाजला जीवघेणे. टेबलावर पसरलेल्या शंभर कात्रणांतून सहा निवडणे, ती न चिकटवता आठवडाभर हलवत राहणे, एक काढून टाकणे, यात जो वेळ जातो त्याचे माप इंचपट्टीत नाही. परिणामी छोटे चित्र ‘परवडणारे’ या नावाने विकले जाते. दिवाळीच्या सुमारास लहान चित्रांची प्रदर्शने भरतात, भेटवस्तू म्हणून कामे खपतात, चित्रकाराला थोडे पैसे मिळतात. यात वाईट काही नाही. पण परवडणारे म्हणून घेतलेले चित्र परवडणाऱ्या वस्तूसारखेच वागवले जाते, आणि चित्रकारही हळूहळू त्या मागणीला धरून चालू लागतो: एकाच कल्पनेची वीस रूपे, एकाच मापाची, सोफ्याच्या रंगाशी जुळणारी.

दुसरी अडचण चित्रकारांच्या बाजूची आहे, आणि ती सांगायला लोक कचरतात. ‘मिक्स मीडिया’ ही पाटी आज फार स्वस्त झाली आहे. ॲक्रिलिकवर टेक्स्चर पेस्ट, त्यात थोडे गोणपाट, कोपऱ्यात मोडी लिपीतल्या जुन्या दस्ताची झेरॉक्स, वर सोनेरी वर्ख. मोडी तिथे कशाला, याचे उत्तर चित्रात नसते. ती जुनी दिसते एवढेच. श्विटर्सच्या तिकिटाला प्रवास असतो, खख्खरांच्या देवाला बाजार असतो. आणलेल्या वस्तूचे मूळ आयुष्य चित्रात ऐकू आले नाही, तर तो नुसता खडबडीत रंग. विद्यार्थ्यांचा यात दोष कमी. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांपासून त्यांना स्वच्छ, सफाईदार कामाचे गुण मिळत आलेले असतात. फाटकी कड ही चूक असते.

आणि वस्तूंची तर या भागात रेलचेल आहे. नागपूर १९५६ पर्यंत मराठी-हिंदी अशा दुभाषी प्रांताची राजधानी होते, त्यामुळे इथली रद्दीही दुभाषी आहे; देवनागरीचा फाटका तुकडा मराठी की हिंदी हे एखादा ‘ळ’ सापडेपर्यंत कळत नाही. मिहानच्या परिसरात सातबाराचे उतारे आहेत, भूसंपादनाच्या नोटिसा आहेत, टाउनशिपची गुळगुळीत माहितीपत्रके आहेत, बोर्डिंग पास आहेत, २०१९ पासून खापरीहून धावणाऱ्या मेट्रोची तिकिटे आहेत. शेत जाऊन हँगर येणे हा बदल कागदांतूनच झाला. कोलाजला याहून जवळचा विषय कोणता? शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्ती गावचे प्रभाकर पाचपुते यांनी कोळसा खाणींचे जग थेट कोळशानेच भिंतींवर रेखाटले आणि ते जगभर पोचले. वस्तू आणि विषय एक झाले की काय घडते, याचा तो पुरावा आहे. पाचपुत्यांना भिंत लागली. जमिनीच्या कागदपत्रांना कदाचित कागदाचाच आकार शोभेल.

टिकण्याचा प्रश्न मात्र खरा आहे. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातले लिग्निन राहिलेले असते, उजेडात तो पिवळा पडतो, कुरकुरीत होतो. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. फेव्हिकॉल ब्रशवरच वाळायला लागतो आणि तुकडा सरकवायला वेळ मिळत नाही. जुलैत उलटे: कागद फुगतो, माऊंटबोर्ड वाकतो, काचेच्या आत बुरशीचे ठिपके येतात. जुने बांधणीवाले मैद्याच्या खळीत मोरचूद घालत, कसर लागू नये म्हणून. ते ज्ञान फ्रेमवाल्यांकडे क्वचितच उरले आहे. वर्धा आणि पुणे ही हातकागदाची जुनी ठिकाणे. वर्ध्याला १९३४ पासून ग्रामोद्योग संघ होता, पुण्यात हातकागद संस्था १९४० पासून. चांगला, आम्लरहित कागद मिळणे अशक्य नाही. पण नऊ बाय बाराच्या चित्राला इंचाच्या दराने जे पैसे मिळतात, त्यात असा कागद, असा माऊंट आणि अतिनील किरण अडवणारी काच बसवायची कशी? दराचे गणित इथे पुन्हा आडवे येते: स्वस्त म्हणून नीट जपले जात नाही, आणि जपले न गेल्याने संग्रहालयापर्यंत पोचत नाही.

प्रदर्शनाच्या जागाही या कामाला सोयीच्या नाहीत. शहरात दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या दालनासारख्या जागा आहेत, पण दालन म्हणजे लांब भिंत आणि दुरून येणारा उजेड. तीस छोटी चित्रे एका रांगेत लावली की पाहणारा चालत्या पावलाने पाहतो. कोलाजला हातभर अंतर लागते, थांबणे लागते, जमल्यास खुर्ची.

थांबण्याची सक्ती असलेली जागा मिहानमध्ये आहे. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण झालेल्या एम्समध्ये विदर्भातून, मध्य प्रदेशातून, छत्तीसगडमधून माणसे येतात आणि बाह्यरुग्ण विभागात तासन्‌तास बसतात. त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला वीतभर चित्रे लावायला भित्तिचित्राचा खर्च लागत नाही, परांचीही लागत नाही. खरेदीची निविदा मात्र चौरस फुटाऐवजी चित्रांच्या संख्येवर काढावी लागेल, आणि त्यात चित्राइतकाच काचेचा नि कागदाचा दर्जा लिहावा लागेल.