मिडी-फाइल आणि मलयाळम गीत

मलयाळम चित्रगीते इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर वाजविण्यासाठी ज्या मिडी-फाइली वापरतात, त्यांत ध्वनी मुळी नसतोच. कोणता स्वर, केव्हा, किती जोराने व किती वेळ वाजवावा, एवढ्याच आज्ञा त्यांत असतात. १९८३ साली प्रचारात आलेला हा संकेत म्हणजे एक लिपीच होय. म्हणून त्याची परीक्षाही लिपी म्हणूनच केली पाहिजे.

येथे स्वरांस ० ते १२७ असे क्रमांक असून लगतच्या दोन क्रमांकांत अर्धस्वराचे अंतर असते. ‘हिज हायनेस अब्दुल्ला’ (१९९०) या चित्रपटातील, रवींद्रन यांनी जोग रागात बांधलेले ‘प्रमदवनम्’ हे गीत केवळ या क्रमांकांत बसविल्यास येसुदास यांच्या गळ्यातील मींड पायऱ्यापायऱ्यांनी तुटते. चाल ओळखू येते. गायकी उरत नाही.

याचा दोष यंत्रास देणे सोपे, पण अन्यायाचे आहे. ‘पिच बेंड’ या आज्ञेत स्वर वाकविण्याच्या १६,३८४ पायऱ्या उपलब्ध आहेत. मात्र ती संपूर्ण चॅनेलला लागू पडत असल्याने मुख्य चालीस स्वतंत्र चॅनेल द्यावे लागते. हे कष्ट टाळणे म्हणजे लिपीत चिन्ह असूनही दीर्घत्व गाळणे होय. मलयाळममध्ये ‘माल’ म्हणजे माळ व ‘मल’ म्हणजे डोंगर; काना गळताच अर्थ पालटतो.

सारांश, मिडी-फाइल हे गीत नव्हे, तर कोणा एकाच्या कानाने केलेली त्याची नोंद होय. हस्तलिखित प्रत आपण इतर प्रतींशी ताडून पाहतो. तद्वत ही नोंदही मूळ ध्वनिमुद्रणाशी ताडूनच स्वीकारावी.