हेरपटातील विमान : वास्तवाभास आणि विक्रेय तपशील

इयान फ्लेमिंग यांच्या ‘फ्रॉम रशिया, विथ लव्ह’ (१९५७) या कादंबरीत जेम्स बाँड इस्तंबूलला जातो तो बीईए या ब्रिटिश कंपनीच्या विमानाने. १९६३ साली तिच्यावर आलेल्या चित्रपटात मात्र इस्तंबूलला उतरणारे विमान पॅन अ‍ॅम या अमेरिकी कंपनीचे आहे. या बदलाने कथानकाचे काहीच बिघडत नाही. आणि नेमकी हीच गोष्ट विचारार्ह आहे.

कथानकाला ज्याची गरज नाही असा तपशील ‘हे वास्तव आहे’ एवढेच सुचवितो, असे रोलाँ बार्थ यांनी १९६८ साली फ्लोबेरच्या कथेतील बॅरोमीटरच्या आधारे प्रतिपादन केले. फ्लेमिंगच्या कादंबऱ्यांतील व्यापारी नावे प्रथमदर्शनी याच जातीची आहेत. अद्भुत कथानकाला त्यांच्यामुळे विश्वसनीयतेचे अधिष्ठान लाभते. परंतु फ्लोबेरच्या बॅरोमीटरला निर्मात्याचे नाव नव्हते. नाव आले की तपशिलाला मालक येतो. आणि कथानकाला एक नाव दुसऱ्याइतकेच चालत असल्याने ती जागा विक्रेय ठरते.

ही जागा पार्श्वभूमीपुरती मर्यादित राहत नाही. ‘मूनरेकर’मध्ये (१९७९) बाँडशी झटापट करणारा मारेकरी स्ट्रेचरसह ब्रिटिश एअरवेजच्या जाहिरातफलकावर जाऊन आदळतो. येथे जाहिरात हीच विनोदाची सामग्री बनते. ‘डाय अनदर डे’मध्ये (२००२) बाँड याच कंपनीच्या विमानाने लंडनला येतो, ‘कॅसिनो रोयाल’मध्ये (२००६) मात्र व्हर्जिन अटलांटिकचे विमान दिसते आणि कंपनीचे संस्थापक रिचर्ड ब्रॅन्सन मायामीच्या विमानतळावर क्षणभर वावरतात. २००७ साली ब्रिटिश एअरवेजने आपल्या विमानांत हा चित्रपट दाखविताना ब्रॅन्सन यांचा चेहरा व त्या विमानाचे शेपूट दिसेनासे केले.

या कात्रीचे सैद्धान्तिक मोल मोठे आहे. जो तपशील समीक्षेने ‘निरर्थक’ म्हणून बाजूला ठेवला असता, तोच प्रतिस्पर्ध्याने सर्वाधिक अर्थपूर्ण म्हणून वाचला. कथानक अबाधित राहिले, तरी संहिता बदलली. आणि हा बदल दिग्दर्शकाने वा राज्यसंस्थेच्या अभ्यवेक्षणाने नव्हे, तर प्रदर्शनाची जागा ज्याच्या मालकीची होती त्याने केला. वास्तवाभासाची मीमांसा तपशिलाचे कथानकातील कार्य तपासून थांबत असेल, तर ती अपुरी आहे. ही जागा कोणाची आणि ती रिकामी करण्याचा अधिकार कोणाला, हे प्रश्नही तिच्या कक्षेत यावयास हवेत.