तटस्थ म्हणजे काठावरचा : ‘कोर्ट’मधली माणसं आणि कॅमेरा

आज बोलायचंय ते चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’वर. २०१४ चा चित्रपट. व्हेनिसच्या महोत्सवात ‘ओरिझोन्ती’ विभागातला सर्वोत्कृष्ट चित्रपट, नंतर आपल्याकडचं सुवर्णकमळ, ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका. दिग्दर्शकाचं हे पहिलंच पूर्ण लांबीचं काम, आणि वय तेव्हा सत्तावीसच्या आसपास. पुरस्कारांची यादी सुरुवातीलाच वाचून टाकली, म्हणजे ती बाजूला ठेवून चित्रपटाकडे बघता येतं.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथा दोन वाक्यांत. नारायण कांबळे हा म्हातारा लोकशाहीर मुंबईत वस्त्यांमधून गातो, पोटासाठी शिकवण्या घेतो. वासुदेव पवार नावाचा एक सफाई कामगार गटारात मृतावस्थेत सापडतो, आणि कांबळेच्या गाण्यातून चिथावणी मिळून त्याने आत्महत्या केली असा आरोप कांबळेवर ठेवला जातो. पुढे जे चालतं ते त्या खटल्याचं कामकाज.

आता तक्रार ऐका. ‘सर, चित्रपट चांगला आहे, पण फार संथ आहे. कॅमेरा हलतच नाही. काही घडत नाही.’ ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की तिला मान देऊन तिथूनच सुरुवात करावी असं वाटतं. कारण निरीक्षण अगदी बरोबर आहे. छायालेखक मृणाल देसाई यांचा कॅमेरा बहुतेक प्रसंगांत एका जागी उभा राहतो. बऱ्यापैकी लांब. माणूस बोलू लागला म्हणून त्याच्याजवळ जात नाही, रडवेला झाला म्हणून चेहऱ्यावर झेप घेत नाही. आपल्या दूरचित्रवाणी मालिकांत सासूने भुवई उंचावली की तीच भुवई तीन कोनांतून तीनदा दिसते, वर ढोल. त्या सवयीच्या डोळ्याला ‘कोर्ट’ म्हणजे उपासच वाटणार. (आणि हल्ली तर दीडपट वेगाने चित्रपट बघायची सोय झाली आहे. ‘कोर्ट’ दीडपट वेगाने बघणं म्हणजे कांबळेचा तुरुंगवास आपणच कमी करून टाकणं. तेवढा अधिकार तर त्याच्या वकिलालाही नाही.)

या लांब उभ्या राहण्याला परीक्षणांत एक ठरलेला शब्द आहे : तटस्थ. तो आपण न तपासता वापरतो. तट म्हणजे काठ. काठावर उभा तो तटस्थ. पाण्यात बुडणारा एक, काठावर उभा दुसरा. काठावरचा माणूस बुडणाऱ्याकडे बघतोय की मासे मोजतोय, हे शब्दातून कळत नाही. आपल्या काव्यशास्त्राला हा शब्द फारसा मानवला नव्हता. अभिनवगुप्तांनी रसाच्या आड येणारी जी विघ्नं सांगितली, त्यांत समोरचं सुखदुःख निव्वळ परक्याचं मानणं हेही आहे, आणि निव्वळ स्वतःचं मानणं हेही. प्रेक्षक धड काठावर नको, धड पाण्यात नको. ‘कोर्ट’चा कॅमेरा या दोहोंमध्ये कुठे उभा आहे, हा माझा आजचा प्रश्न. तो महत्त्वाचा एवढ्याचसाठी की चित्रपटात तटस्थ असण्याचा दावा आणखी एकजण करतो, आणि ते म्हणजे स्वतः न्यायालय. तेही लांब बसतं, आवाज चढवत नाही, कुणाच्या चेहऱ्याजवळ जात नाही. दोघांचा पवित्रा सारखाच. मग फरक पडतो कुठे?

तो मला सगळ्यात स्पष्ट दिसतो वासुदेवच्या बायकोच्या साक्षीत.

ही भूमिका व्यावसायिक अभिनेत्रीने केलेली नाही, आणि ते न सांगताही कळतं. वकील विनय व्होरा तिला प्रश्न विचारतो. तिची उत्तरं एक-दोन वाक्यांची. नवरा गटारात उतरण्याआधी दारू प्यायचा. का, तर वास सहन व्हावा म्हणून. आत हवा आहे की नाही हे कसं कळायचं? झुरळं बाहेर येतात का बघायचं. झुरळ जिवंत आहे म्हणजे माणूस उतरू शकतो. त्याचा एक डोळा याच कामात गेलेला. मास्क, पट्टा, काही नाही. हे सगळं ती ज्या आवाजात सांगते, त्या आवाजात आपण रेशनच्या रांगेबद्दल बोलतो. तिला पुष्कळ दुःख असणार. पण ते इथे मांडायची जागा आहे असं तिला वाटत नाही, कारण आजवर तसं कुणी वाटू दिलेलं नाही.

आता शेजारी काय चाललंय बघा. न्यायाधीश सदावर्ते तिचं मराठी ऐकतात आणि इंग्रजीत सारांश करून स्टेनोला सांगतात. झुरळाचं वाक्य नोंद होतं, पण नोंद होताना त्याचा वास जातो. ही लबाडी नाही. सदावर्ते आपलं काम नियमानुसार, आणि तसं बघितलं तर नीटच करतात. नोंदीला जेवढं लागतं तेवढंच ऐकायचं, हीच कोर्टाची तटस्थता. कॅमेरा मात्र तिच्या उत्तरांच्या मधल्या शांततेलाही थांबतो. एक काठावरून टिपण काढतो, दुसरा काठावर बसून राहतो.

योगायोग असा की ज्या वर्षी हा चित्रपट आला त्याच वर्षी, मार्च २०१४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू पावलेल्या सफाई कामगारांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये भरपाई द्यावी असा निकाल दिला. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा नवा कायदा त्याच्या आदल्याच वर्षीचा. म्हणजे कायदा होता, निकालही होता. चित्रपटात मात्र गटारातल्या मृत्यूबद्दल नगरपालिकेवर खटला नाही, गाण्यावर आहे. दिग्दर्शक हा उपहास कुणाच्याही तोंडी घालत नाही. साक्ष संपते आणि पुढची तारीख पडते. ‘दामिनी’तला तारखांवरचा तो गाजलेला संवाद आठवा. १९९३ साली त्यावर थिएटरात टाळ्या पडल्या, आणि टाळ्या पडल्या की मन मोकळं होतं, आपण घरी जातो. ताम्हाणे तारखेबद्दल बोलत नाहीत, ते नुसती तारीख देतात. आपल्याला टाळी वाजवायला जागाच मिळत नाही.

पात्रांकडे येतो. गीतांजली कुलकर्णींनी साकारलेली सरकारी वकील नूतन ही मला अलीकडच्या मराठी चित्रपटातली सर्वांत कठीण आणि सर्वांत यशस्वी व्यक्तिरेखा वाटते. कोर्टात ती कायद्याची कलमं एकसुरात, श्वास न घेता वाचते, जणू आरतीचं पुस्तक. खलनायिका म्हणून तिच्यावर राग धरावा असं आपण ठरवतो न ठरवतो तोच चित्रपट तिच्याबरोबर लोकलने घरी जातो. डब्यात शेजारणीशी गप्पा, मुलाला पाळणाघरातून घ्यायचं, नवऱ्याचा मधुमेह, मग स्वयंपाक. ही बाई आपण ओळखतो. आपल्या बँकेत आहे, आपल्या सोसायटीत आहे, आपल्या घरातही असेल. आणि हीच बाई सहकाऱ्यांशी बोलताना सहज म्हणून जाते की एकदाची याला वीस वर्षं द्यावीत आणि संपवावं. तेच तेच चेहरे बघून कंटाळा आला. त्यात द्वेष नाही. कंटाळा आहे.

इथे तत्त्वज्ञानाच्या मंडळींना लगेच हॅना आरेंट आठवते. आइकमनच्या खटल्यावर तिने १९६३ साली जे पुस्तक लिहिलं, त्यातली ती दुष्टपणाच्या सामान्यपणाची कल्पना. विद्यार्थी ती इथे हमखास चिकटवतात. मला ती इथे मोठ्या मापाचा सदरा वाटते. नूतन कुणाला छळछावणीत पाठवत नाही. जामिनाला हरकत घेते, जे तिचं काम आहे. तिच्या प्रत्येक कृतीचं वेगवेगळं समर्थन करता येईल, आणि तरी बेरीज केली की म्हातारा आत. पाहण्यासारखं आहे ते या बेरजेत. बेरीज दिसायची तर चित्रपटाने कुणाच्याच चेहऱ्यावर फार रेंगाळून चालणार नाही. म्हणून तो लांबचा कॅमेरा.

तुलनेसाठी तेंडुलकर. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ चं. तिथे खेळ म्हणून अभिरूप न्यायालय मांडलं जातं आणि खेळता खेळता माणसांची नखं बाहेर येतात. बेणारेला सगळे मिळून ओरबाडतात. नाटकाचा जोर क्रौर्य उघडं होण्यात आहे. ‘कोर्ट’मध्ये न्यायालय खरं आहे आणि नखं कुणाचीच बाहेर येत नाहीत, कारण त्यांची गरजच पडत नाही. तेंडुलकरांचा प्रेक्षक हादरून बाहेर पडतो. ताम्हाण्यांचा प्रेक्षक जरा अस्वस्थ होऊन घड्याळ बघतो, आणि आपण घड्याळ बघितलं हे त्याला नंतर टोचतं.

व्होरा थोडक्यात. विवेक गोम्बर यांनी केला आहे, निर्मातेही तेच. गुजराती, सधन, गाडीत जॅझ, दुकानातून वाईन आणि चीज. मनापासून लढतो. पण आपल्या जगातून अशिलाच्या जगात यायला त्याला रोज गाडीच लागते. साक्षीनंतर तो वासुदेवच्या बायकोला घरी सोडतो तेव्हा ती मदत नको म्हणते, काम आहे का विचारते. तो काय बोलणार? चांगुलपणा आहे, पूल नाही.

एक ठिकाण मला खटकतं, तेही सांगायला हवं. नूतनचं कुटुंब सुट्टीच्या दिवशी नाटकाला जातं. परप्रांतीयांची टिंगल करणारं नाटक, प्रेक्षक हसतायत. असं नाटक असू शकतं, लोक हसूही शकतात, तो प्रश्न नाही. पण बाकी सगळीकडे दिग्दर्शक दाखवून बाजूला होतो, इथे तो कोपराने ढोसतो : बघा, ही माणसं कशी आहेत. लोकलमधल्या गप्पांनी जे नूतनला दिलं होतं, ते इथे थोडंसं काढून घेतलं जातं. मध्यमवर्गीय मराठी माणसावर अन्याय झाला वगैरे मी म्हणत नाही; त्याची कातडी पुरेशी जाड आहे. माझा आक्षेप कॅमेऱ्यावर आहे. तो इतका वेळ काठावर बसला होता, इथे उठून बोट दाखवतो.

आणि या सगळ्यांच्या मधोमध कांबळे, ज्याच्याबद्दल आपल्याला सगळ्यात कमी कळतं. वकील घरी जातात, न्यायाधीश सहलीला जातात, चित्रपट त्यांच्या मागोमाग जातो. कांबळेच्या मनात मात्र शिरू देत नाही. वीरा साथीदार स्वतः नागपूरच्या आंबेडकरी चळवळीतले कार्यकर्ते, २०२१ मध्ये करोनाने गेले. ते कोर्टात नुसते उभे राहतात. प्रश्नाला तेवढ्यापुरतं उत्तर. ना भाषण, ना डोळ्यांत पाणी. आपली सहानुभूती ते मागतच नाहीत. मंचावर गातात तेव्हा मात्र (संगीत संभाजी भगतांचं आहे) सगळं शरीर त्या आवाजात जातं. शाहीर आणि आरोपी ही एकाच माणसाची दोन शरीरं आहेत, आणि कोर्टात फक्त दुसरंच पोचतं.

जामीन मिळतो, पुन्हा अटक होते, या वेळी कलमं जास्त कडक. आणि मग न्यायालयाची उन्हाळी सुट्टी. कामकाज संपतं, लोक उठतात, शिपाई एकेक दिवा मालवतो, पडदा जवळजवळ काळा होतो. अनेकांना वाटतं चित्रपट इथे संपायला हवा होता. टाळीचा शेवट आहे तो, आणि म्हणूनच दिग्दर्शकाने तो सोडून दिला याचं मला कौतुक आहे. अंधार म्हटला की त्याला अर्थ येतो, गांभीर्य येतं. वस्तुस्थितीत गांभीर्य कुठे आहे? लगेच पुढच्या दृश्यात लख्ख ऊन पडलेलं आहे. सदावर्ते गणगोतासह रिसॉर्टवर. पगाराच्या पॅकेजच्या गप्पा, कुणाच्या तरी मुलासाठी अंकशास्त्राचा आणि अंगठीच्या खड्याचा सल्ला. जेवणं होतात. न्यायाधीशांना बाकावर डुलकी लागते. पोरं येऊन ओरडतात, ते दचकून जागे होतात, हाताला लागलेल्या एका पोराला चापट मारतात. पोरगं रडत जातं. कॅमेरा आहे तिथेच. तिकडे कांबळे तुरुंगात, इकडे सदावर्ते मान एका बाजूला टाकून पुन्हा डोळे मिटतात.