यंत्राखालचा मुलगा

गिरगावातल्या एका रद्दीवाल्याकडे, शाळकरी वयात, मला एक फाटके इंग्रजी कॉमिक मिळाले. त्याचे मुखपृष्ठ नाहीसे झाले होते, मधली दोन पाने सुटली होती. मी वेताळाच्या मराठी पुस्तिकांवर वाढलेला. इंग्रजी जेमतेमच कळे. पण शेवटचे पान समजायला भाषेची गरज नव्हती. लाल-निळ्या वेषातला एक तरुण कोसळलेल्या अवाढव्य यंत्राखाली दबून पडला आहे, छतातून पाणी गळते आहे, आणि ज्या औषधासाठी तो इथवर आला ते समोरच जमिनीवर, हात पोचणार नाही एवढ्याच अंतरावर पडले आहे. गोष्ट तिथेच तुटत होती. पुढचा अंक त्या ढिगात नव्हता. माझ्यापुरता तो तरुण पुढे तीसएक वर्षे त्या यंत्राखालीच राहिला.

तो स्पायडरमॅनचा ३२वा अंक, जानेवारी १९६६चा, हे मला फार उशिरा कळले. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को यांनी हे पात्र १९६२च्या ऑगस्टमध्ये एका बंद पडू घातलेल्या मासिकात आणले, १९६३मध्ये त्याला स्वतःचे मासिक मिळाले, आणि डिट्कोने त्याचे ३८ अंक काढून १९६६मध्ये काम सोडले. बारा सेंटांना मिळणारे, वाचून टाकून द्यायचे हे कागद. आता ते सारे बांधीव स्वरूपात मिळतात : १९८७पासून निघू लागलेल्या 'मास्टरवर्क्स'च्या सुबक खंडांत, १९९६पासूनच्या 'इसेन्शियल' मालेच्या स्वस्त कृष्णधवल पुस्तकांत, आणि २००७च्या एका हजारावर पानांच्या 'ऑम्निबस' ग्रंथात, जो मांडीवर घेऊन वाचला तर पाय बधिर होतात. गेल्या पावसाळ्यात मी हे ३८ अंक ओळीने वाचले, आणि त्या जुन्या पानापाशी येताच माझी मोठी निराशा झाली. मी पान उलटले, आणखी चार उलटली, आणि तो सुटला! तीस वर्षांचा प्रश्न चहा निवायच्या आत निकालात निघाला.

बांधीव आवृत्तीबद्दलची माझी तक्रार ती हीच. मूळच्या वाचकाला ३२ आणि ३३ या अंकांमध्ये एक सबंध महिना काढावा लागे. त्या महिन्यात तो शाळेत जाई, मित्रांशी पैजा मारी, आणि त्याच्या मनात तो तरुण त्या भाराखाली पडलेलाच असे. हा काळ चित्रकाराने काढलेला नाही, पण तो त्याच्या मांडणीचा भाग आहे. तो गृहीत धरूनच ३३व्या अंकाची पहिली पाच पाने रचली आहेत. या पानांत तो तरुण यंत्राला पाठ लावतो, हरतो, पुन्हा लावतो. चौकटी हळूहळू मोठ्या होत जातात, आणि पाचव्या पानावर अखेर चौकटच उरत नाही : सारे पान त्याचे आणि त्याने वर उचललेल्या लोखंडाचे. महिनाभर कोंडलेला श्वास सोडायला ही जागा दिली आहे. पण ज्याने तो कोंडलाच नाही, त्याने काय सोडावे?

एवढे बोलून मी थांबलो असतो, तर हे टिपण माझ्या बालपणाची कैफियत झाले असते. परंतु ओळीने वाचताना दुसरी एक गोष्ट माझ्या ध्यानी आली, आणि तिने माझी तक्रार बरीच लुळी केली. ते औषध कुणासाठी? पीटर पार्करला आईच्या जागी असलेल्या मे काकूंसाठी. त्या मरणाच्या दारी आहेत, कारण त्यांच्या रक्तात एक किरणोत्सारी कण आहे. तो आला कोठून? १०व्या अंकात काकूंना रक्त हवे असते, ते पीटर देतो. आणि त्याचे रक्त तर त्या कोळ्याच्या दंशाने कधीच बिघडलेले. म्हणजे ज्या प्रेमाने त्याने काकूंना वाचवले, त्याच प्रेमाने तो त्यांना मारतो आहे. आधी काका गेले तेही त्याच्याच एका बेपर्वाईने. यंत्राखाली पडलेला मुलगा यंत्राशी झुंजतच नाही. तो या हिशेबाशी झुंजतो आहे. रद्दीतल्या सुट्या अंकात हे मला कसे कळावे? १०व्यापासून ३२व्यापर्यंतचा हा धागा एका हातात यायला ग्रंथच हवा होता.

यामुळे श्रेयाचाही प्रश्न पुढे येतो. लीने कथेची रूपरेषा सांगायची, चित्रकाराने पाने रचायची, आणि मग लीने शब्द भरायचे, अशी त्या कचेरीची रीत होती. २५व्या अंकापासून कथानकाचे श्रेय डिट्कोला छापून मिळू लागते. दोघांमधले अंतर खंडात उघड दिसते. चित्र मुके राहू पाहते आणि शब्द त्याला मुके राहू देत नाहीत. पाठ सोलवटून काढणाऱ्या त्या पाच पानांतही पीटर अखंड बोलतो! लीची खेळकर, गप्पिष्ट वाणी इतरत्र मला आवडते. जेमसन या चिडक्या संपादकाच्या तोंडी तर ती शोभून दिसते. पण इथे मी बोटांनी बोलफुगे झाकून वाचले, आणि पाने अधिक जड झाली.

रंगांविषयी दोनच शब्द. मळकट वृत्तपत्री कागदावर ठिपक्यांनी छापलेले रंग गुळगुळीत कागदावर आले की ते भडक होतात. नदीखालच्या त्या तळघरात दिवाळीची रोषणाई केल्यासारखी वाटते. हे प्रकरण वाचायचे असेल तर स्वस्त कृष्णधवल खंड घ्यावा. तिथे डिट्कोची शाई, त्याच्या काळ्या सावल्या आणि मुठीच्या शिरा शाबूत आहेत. रसिकांना हे उलटे वाटेल, पण महागडी आवृत्ती माझ्या कपाटात बहुधा मिटलेलीच असते.

दुसऱ्या वाचनाच्या वेळी मी एक युक्ती केली. ३२वा अंक संपताच खूण घालून पुस्तक मिटले, आणि महिन्याने उघडायचे असे घरी जाहीर केले. मुलगी रोज जेवताना विचारी, "बाबा, सुटला का तो?" अकराव्या रात्री सारे निजल्यावर मी ते कपाटातून काढले.