तारप्याचा टोन

हरसूलहून ठाणापाड्याकडे जाताना आत एका पाड्यावर वैशाखात लग्न होतं. हळदीच्या रात्री अंगणाच्या कडेला टेम्पो लावलेला. दोन्ही अंगांना माणसाच्या उंचीचे स्पीकरचे बॉक्स, त्यांच्यामागे जनरेटरच्या दिव्यात की-बोर्ड, ऑक्टोपॅड आणि मिक्सर. वाजवणारा विशी-बाविशीतला. पहिला तासभर त्यानं हिंदी, मराठी, अहिराणी गाणी एकाला एक जोडून वाजवली, पोरं धुरळा उडवत नाचली. मग त्यानं एक बटण दाबलं आणि बॉक्समधून तारपा, भोपळ्याचं ते फुंकून वाजवायचं वाद्य, घुमू लागलं. आमच्याकडचे वादक त्याला ‘तारप्याचा टोन’ म्हणतात. चुलीपाशी बसलेल्या बाया उठल्या, एकमेकींच्या कमरेत हात घालून फेरात आल्या. माझ्या शेजारी बसलेले एक आजोबा मात्र जागचे हलले नाहीत. बराच वेळ ऐकून म्हणाले, “वाजतंय ब्येस. पण ह्याला दम लागत नाही.”

गेली काही वर्षं हरसूल, पेठ, जव्हार, मोखाड्याच्या लग्नांत जे वाजतं त्याबद्दल लिहायचं म्हणून मी बसलो, की आजोबांचं हे वाक्य आधी पुढ्यात येतं.

आधी एक गैरसमज बाजूला करतो. दुसऱ्याचं गाणं वाजवणं म्हणजे नक्कल, ही कमअस्सल कला, असं शहरातले जाणकार सहज बोलून जातात. मला ते मुळीच पटत नाही. अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या कापसाच्या रानातून आलेल्या बी. बी. किंगचं सगळ्यात गाजलेलं गाणं ‘द थ्रिल इज गॉन’ त्याचं नव्हतंच. ते 1951 साली रॉय हॉकिन्सनं गायलं होतं. किंगनं 1969 मध्ये ते उचललं, त्याच्यामागे व्हायोलिनचा ताफा उभा केला आणि प्रत्येक ओळीनंतर गिटारला बोलायला जागा ठेवली. आज ते गाणं किंगचंच म्हणून ओळखलं जातं. आणि त्याच्या गिटारचा तो थरथरता सूर आला कुठून? त्याच्या आईच्या नात्यातला बुका व्हाइट तारेवर धातूची नळी घसरवून वाजवायचा. किंगला ते काही जमेना. मग त्यानं नुसत्या बोटानं तार हलवून तसा आवाज काढायचा प्रयत्न केला, आणि जे हाती लागलं ते पुढे जगभरच्या ब्लूज आणि रॉक वादकांनी उचललं. जे जमलं नाही, त्यातूनच त्याची शैली आली.

नळी घसरवायची ती रीत हवाईयन गिटारच्या वाटेनं आपल्याकडेही आली. लखनौचे व्हॅन शिपली, त्यांच्यासारखेच हजारा सिंग, हे विजेच्या गिटारवर सिनेमाची गाणी वाजवत आणि त्यांच्या तबकड्या घरोघरी असत. पुण्याचे इनॉक डॅनियल्स तेच अकॉर्डियनवर करत. रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मधल्या फटीत या धून लागायच्या, म्हणून आपण त्यांना फट बुजवणारं संगीत समजून बसलो. मी अलीकडे शिपलींच्या तबकड्या सलग ऐकल्या. शिपली आधी व्हायोलिन शिकलेले, तेही अल्लाउद्दीन खाँसाहेबांकडे. मींड त्यांच्या हातात होती. शब्द नसलेलं गाणं ऐकताना मूळ गाणं आपल्या मनात चालूच असतं. चांगला वादक त्या मनातल्या गाण्याशी बोलतो. कुठे त्याच्या मागे रेंगाळतो, कुठे एखादा सूर आपल्याला वाटतो त्याहून जास्त ओढतो. वाईट वादक फक्त त्याच्यावरून रेघ गिरवतो.

शब्दांशिवाय गाणं कसं उभं राहतं हे ऐकायचं तर जेफ बेकची 1975 सालची ‘ब्लो बाय ब्लो’ ऐकावी. निर्माता बीटल्सचा जॉर्ज मार्टिन. ब्लूजवर वाढलेला, रॉकचा गिटारवादक बेक या तबकडीत जॅझच्या अंगानं वाजवतो. त्यातलं स्टीव्ही वंडरचं एक गाणं घ्या. सुरुवातीला बेक तार छेडतो तेव्हा आवाजाचं बटण बंद असतं; छेडल्यावर करंगळीनं ते हळूहळू उघडतो. नखीचा ठोका ऐकूच येत नाही, सूर कुठून तरी वर येत राहतो, रडण्याआधी गळा भरून येतो तसा. गाणारं कोणी नाही, शब्द नाहीत, पण कोणी तरी कोणाला सोडून गेलंय हे कळतं.

आमच्या भागात शब्दांशिवाय गाणं वाजवायचं काम आधी बेंजोनं केलं. हे वाद्य मूळचं जपानचं. नागोयाच्या गोरो मोरितानं 1912 च्या सुमाराला टाइपरायटरसारख्या चाव्या तारांवर बसवून ते बनवलं. आपल्याकडे ते बुलबुल तरंग झालं आणि विजेला जोडल्यावर वरातीतलं बेंजो झालं. त्याचा सूर टिकत नाही. चावी दाबून सूर मिळतो, पण एका सुरावरून दुसऱ्यावर ओढत नेता येत नाही. म्हणून वाजवणारा नखीनं तार सारखी छेडत राहतो, आणि त्या थरथरीतून बेंजोचा तो रडवेला, हट्टी आवाज तयार होतो. माझ्या लहानपणी नाशकाहून आलेल्या बेंजो पार्टीतला एक वादक विरहाचं गाणं लागलं की मान खाली घालायचा आणि पॅडवाल्याला हातानं थांबवायचा. चार आवर्तनं तो एकटा वाजवायचा. वरात रस्त्यात उभी राहायची.

मग की-बोर्ड आला. परवडतो, सुरात लावावा लागत नाही, टेम्पोत मावतो. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. मिसिसिपीचा मडी वॉटर्स 1943 मध्ये शिकागोला गेला, तिथल्या दारूच्या गुत्त्यांतल्या कल्लोळात लाकडी गिटार कोणाला ऐकू जाईना, म्हणून त्यानं विजेची गिटार धरली. आमचे लोकही द्राक्षांच्या कामाला दिंडोरी-निफाडला जातात, शहराचा आवाज कानांत घेऊन येतात. त्यांच्या लग्नाला मोठा आवाज हवा, यात काय चूक?

माझी तक्रार वेगळी आहे. आज ऐकू येतं त्यातलं पुष्कळसं रेघ गिरवणं आहे. मूळ गाण्यातले म्युझिकचे पीस जसेच्या तसे, ठेका पेन ड्राइव्हवरून आणलेला, एका पार्टीचा आणि दुसऱ्या पार्टीचा अंतरा ओळखता येत नाही. की-बोर्डला कशाचीच अडचण नसते. सूर हवा तितका टिकतो, हवा तितका चढतो. अडचण नाही, म्हणून वाट शोधावी लागत नाही.

तारप्याचं नेमकं उलटं. सुकलेला भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा, सांधे मेणानं बुजवलेले. सूर मोजके. गालात हवा साठवून, नाकानं श्वास घेत, आवाज तुटू न देता वाजवायचं. भात निघालं की रात्र-रात्र हे चालतं. वाजवणारा फेराच्या मधोमध चालतो, त्याचं लक्ष नाचणाऱ्यांच्या पायांकडे असतं. पाय जड झाले की तो चाल बदलतो, चाल बदलली की फेर वळतो. जव्हारजवळच्या वाळवंडा गावचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना 2026 मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आमच्याकडे खूप आनंद झाला. पण त्यांच्या वादनाच्या चित्रफिती पाहताना माझं लक्ष दर वेळी त्यांच्या गालांकडे जातं. तो फुगवटा टोनमध्ये येत नाही. टोन म्हणजे कोणाच्या तरी एका फुंकेचा तुकडा, तोच पुन्हा पुन्हा.

बोहाड्यात, म्हणजे मुखवटे घालून सोंगं नाचवण्याच्या आमच्याकडच्या उत्सवात, यंत्रानं वाजवायचा प्रश्न अजून तितका आलेला नाही. मी पाहिलेल्या बोहाड्यांत सोंग अंगणात उतरतं ते संबळ-पिपाणीवरच. मुखवट्याच्या आतल्या माणसाला दिसतं कमी, तो कानानं चालतो. संबळवाल्याला त्याची पावलं बघूनच टिपरी टाकावी लागते. पेन ड्राइव्हला ते कसं जमणार?

त्या हळदीच्या रात्री दोनच्या पुढे एक गोष्ट घडली. ऑक्टोपॅडवाला जेवायला गेला होता. पोरानं तारप्याच्या टोनवर एक जुनं हिंदी गाणं धरलं, ठेका बंद करून. गाणं मुखड्यावरून अंतऱ्यावर जाईचना. मुखड्याची एकच ओळ फिरत राहिली, तारप्याची चाल फिरते तशी, मध्ये कुठेच विश्रांती नाही. त्याचा डावा अंगठा सूर वर-खाली सरकवणाऱ्या बेंडरच्या चाकावर होता आणि सूर पूर्ण चढायच्या आधी तो चाक किंचित सोडत होता, त्यामुळे प्रत्येक सूर थोडा कच्चा, थोडा खालून येत होता. भोपळ्यातून येतो तसा. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. मी नंतर विचारलं तर म्हणाला, त्याचे आजोबा तारपा वाजवायचे, तो झोपेत ऐकायचा. बाया फेरात गाणं ओळखून हसू लागल्या आणि पाय मात्र तारप्याचेच टाकत राहिल्या. त्या दहा मिनिटांत हिंदी गाणं आमचं झालं. अशी दहा मिनिटं मला गेल्या दोन-तीन वर्षांत फार तर चार-पाचदा ऐकायला मिळाली आहेत.

पण त्याला फेर दिसत नव्हता. बॉक्स मध्ये होते. बाया थकून सावकाश झाल्या तरी तो त्याच लयीत राहिला, आणि फेर तुटला. मी त्याला म्हटलं, की-बोर्ड खाली अंगणात आणून का वाजवत नाहीस? तो म्हणाला, सुपारी बॉक्सवर ठरते, दादा. खाली उतरलो तर लोक म्हणतील पार्टी छोटी आहे. तोवर पॅडवाला हात पुसत परत आला होता. माझ्या शेजारचे ते आजोबा अजून तिथेच बसलेले होते, आणि एका हाताची बोटं गुडघ्यावर हलत होती, नळीच्या भोकांवर हलावीत तशी.